बांधलेला धागा: सोलापूरच्या पूर्व भागातल्या दोन दिवसांच्या आशियाई वस्त्र-उपक्रमाचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मंडळाने नवरात्राच्या दिवसांत, शनिवार-रविवार असे दोन दिवस, आशियाच्या सांस्कृतिक वारशावर कार्यक्रम घ्यायचं ठरवलं. जागा म्हणजे शाळेचं एक सभागृह आणि त्यामागचं अंगण. प्रेक्षक बहुतेक आसपासचेच: यंत्रमागावर काम करणारे, विडी वळणाऱ्या बाया, शाळकरी मुलं, काही निवृत्त रंगारी आणि विणकर. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि दखनी अशी इथली रोजची बोली. हा उपक्रम कसा आखला, कुठे चुकला आणि चुका कशा निस्तरल्या याची ही नोंद आहे. दुसऱ्या कोणत्याही मोहल्ल्याला तो पुन्हा करता यावा म्हणून प्रमाणं आणि वेळा दिल्या आहेत.

पहिला आराखडा आणि तो का मोडला

पहिल्या बैठकीत ठरलं ते कुठल्याही शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं होतं. दहा देशांचे दहा गट, प्रत्येकाच्या हातात झेंडा, अंगात भाड्याचा पोशाख, एक नाच आणि बाहेर नूडल्सची गाडी. याला खर्च बराच येतो आणि त्यातून शिकायला जवळजवळ काहीच मिळत नाही. किमोनो घातलेली मुलगी पाहून जपानबद्दल एवढंच कळतं की तिथे किमोनो घालतात. शिवाय झेंडा आला की कोणत्या देशाचा लावायचा आणि कोणत्या नाही, हा वाद आपोआप येतो. कार्यक्रमाचं बळ त्यातच संपतं.

आराखडा बदलला तो एका साध्या प्रश्नावर: आशियातली अशी कोणती गोष्ट आहे, जी या वस्तीतल्या माणसाला आधीच हाताने येते? उत्तर समोरच होतं. इथली पद्मशाली कुटुंबं तेलंगणातून विणकामासाठी सोलापुरात आली. त्यांच्या मूळ मुलुखात, पोचमपल्ली-पुट्टपाकाच्या बाजूला, धागा विणण्याआधीच ठरावीक जागी बांधून रंगवतात. बांधलेली जागा कोरी राहते आणि विणताना नक्षी आपोआप उमटते. हेच तंत्र पाटणच्या पटोळ्यात आहे, ओडिशात आहे, थायलंडमध्ये ‘मुदमी’ नावाने आहे, जपानमध्ये ‘कासुरी’ आहे, बालीतल्या तेंगनान गावात ‘गेरिंगसिंग’ आहे आणि उझबेकिस्तानात ‘अद्रास’ आणि रेशमी ‘अतलस’ आहे. जगभर रुळलेला ‘इकत’ हा शब्द मलय-इंडोनेशियन भाषेतल्या बांधण्याच्या क्रियापदावरून आलाय. मध्य आशियात या कामाला ‘अब्रबंदी’ म्हणतात, म्हणजे ढग बांधणं. फारसीतला ‘अब्र’ आणि आपला ‘अभ्र’ एकाच मुळाचे. हा एक शब्द फळ्यावर लिहिला की सभागृहातला मराठीचा शिक्षकही पुढे सरकून बसतो.

म्हणून देशवार दालनं रद्द झाली आणि तंत्रवार तीन टेबलं आली: बांधणं, रंगवणं, विणणं. झेंडा एकही नाही. प्रत्येक टेबलावर त्या-त्या कृतीची चार-पाच मुलखांतली नावं आणि नमुने ठेवले. या एका निर्णयाने पुढचं बरंच काम सोपं झालं. वस्तीतली जाणती माणसं प्रेक्षकांच्या खुर्चीतून उठली आणि टेबलामागे गेली.

दारातला फलक: कोटणीस

प्रवेशालाच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फलक होता. सोलापूर आणि पूर्व आशिया यांचं नातं सांगायला यापेक्षा मोठं नाव नाही. 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात जन्म. 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सहभाग. तिथे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची प्रमुखपदाची जबाबदारी. परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी विवाह. मुलाचं नाव यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन या दोन्हींची चिनी अक्षरं एकत्र. आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी मृत्यू. चीनमध्ये त्यांना ‘के दिह्वा’ या नावाने ओळखतात.

फलकाचा पहिला मसुदा सहाशे शब्दांचा होता. असा फलक कोणी वाचत नाही. लोक फोटो पाहतात आणि पुढे जातात. तो साठ शब्दांवर आणला, तीन भाषांत, आणि मध्यभाग जमिनीपासून 140 सेंटिमीटरवर येईल असा लावला. कापताना एक गोष्ट मात्र ठेवली: कोटणीस चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले. परक्या मुलखात उपयोगी पडायचं तर तिथली भाषा शिकावी लागते, हे ज्याने करून दाखवलं त्याच्या गावात तेलुगू आजीला वाचता न येणारी पाटी लावणं बरोबर नव्हतं. तरीही आतली पाट्यांची पहिली खेप फक्त मराठीत छापून आली. शनिवारी दुपारपर्यंत तेलुगूतल्या पाट्या हाताने लिहून चिकटवाव्या लागल्या. भाषांतर छपाईच्या आधी दहा दिवस हातात हवं, आणि ते मोठ्याने वाचून तपासायला वस्तीतलाच माणूस हवा. पुस्तकी तेलुगू आणि सोलापुरात बोलली जाणारी तेलुगू यांत बरंच अंतर आहे.

बांधण्याचं टेबल

इथे येणाऱ्या प्रत्येकाला सुमारे 10 ग्रॅमची सुती लडी मिळाली. 20 नंबरचं सूत पुरतं. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पाच मिलिमीटर रुंद पट्ट्या. पोचमपल्लीतले कारागीरही रबराच्या पट्ट्याच वापरतात, कारण ओढून गुंडाळलेलं रबर धाग्यावर स्वतःच दाबून बसतं आणि सोडताना सूत तुटत नाही. दोऱ्याने बांधलं तर गाठ घट्ट असते, पण गाठीच्या बाजूचे वेढे सैल राहतात आणि रंग तिथूनच आत शिरतो.

सूत आदल्या आठवड्यात उकळून घ्यावं लागतं. कोऱ्या सुतावर मेण आणि तेलकटपणा असतो, म्हणून ते पाणी शोषत नाही. लिटरला 2-3 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळायचं, मग धुऊन वाळवायचं. परीक्षा सोपी आहे: धाग्याचा तुकडा पाण्यावर टाकला की काही सेकंदांत बुडायला हवा. तरंगत राहिला तर पुन्हा उकळा. बांधायचं मात्र कोरड्या आणि ताणलेल्या सुतावर. मुलांनी पहिल्या दिवशी लडी मांडीवर ठेवून बांधल्या. सूत ढिलं, त्यामुळे पट्टीही ढिली; पंचवीसपैकी निम्म्याहून जास्त लडींत रंग आत घुसला. दुपारनंतर टेबलाच्या कडेला 30 सेंटिमीटर अंतरावर दोन-दोन खुंट्या ठोकल्या आणि लडी त्यावर ताणून बांधायला दिली. फरक दुसऱ्याच खेपेत दिसला.

रंगाची खेप

रंगासाठी थंड पाण्यात बसणारे रिअॅक्टिव्ह, म्हणजे धाग्याशीच जोडले जाणारे रंग निवडले. नीळ किंवा ‘तेलिया रुमाल’ या बांधून रंगवलेल्या कापडाचा पारंपरिक लाल दोन दिवसांत दाखवणं शक्य नसतं. तेलियात सूत तेल आणि एरंडाच्या बोंडांची राख यांच्या पाण्यात अनेक दिवस पुन्हा पुन्हा भिजवतात आणि वाळवतात, तेव्हा तो रंग धरतो. त्याचे टप्पे फोटोंच्या पट्टीवर दाखवले.

एका खेपेला पंचवीस लडी, म्हणजे 250 ग्रॅम सूत. प्रमाण असं: पाणी 5 लिटर, रंग सुताच्या 2 टक्के म्हणजे 5 ग्रॅम, मीठ लिटरला 50 ग्रॅम म्हणजे 250 ग्रॅम, धुण्याचा सोडा लिटरला 15 ग्रॅम म्हणजे 75 ग्रॅम. आधी रंग आणि मीठ, त्यात ओल्या केलेल्या लडी वीस मिनिटं हलवत ठेवायच्या. मग लडी बाजूला घेऊन, वेगळा विरघळवलेला सोडा घालायचा आणि पुन्हा पाऊण तास ते तास. सोडा आधीच घातला तर रंग सुताऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि धुताना वाहून जातो. रंगाची पूड उडते आणि ती श्वासातून जाता कामा नये. म्हणून ती आदल्या दिवशी तोंडाला मास्क लावून तोलून पुड्या बांधल्या आणि मुलांच्या हातात फक्त विरघळलेला रंग आला, तोही हातमोजे घालूनच.

पाण्याची गणितं सोलापुरात वेगळी मांडावी लागतात. नळाला पाणी रोज येत नाही. कार्यक्रमाचा दिवस आणि पाण्याचा दिवस जुळेल याची खात्री नसते. एका खेपेला रंगाचं पाणी आणि चार-पाच वेळा धुण्याचं पाणी मिळून साठ लिटर लागतं. दोन दिवसांत चार खेपा, म्हणजे अडीचशे लिटर. दोनशे लिटरचे दोन पिंप आठवड्याभरात भरून ठेवले. बोअरचं पाणी सहज मिळत होतं, पण ते जड असतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे सोडा घातला की पाण्यात पांढुरकं साचतं, रंगही त्यासोबत खाली बसतो आणि सुतावर डाग पडतात. एक खेप बोअरच्या पाण्यात झाली आणि नेमकी तीच ठिपक्याठिपक्यांची निघाली. नाइलाजाने बोअरचं पाणी वापरायचं झालं तर लिटरला एक-दोन ग्रॅम कॅलगॉन, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारी पूड, आधी घालावं.

लडी त्याच दिवशी कुणाच्याही हातात दिल्या नाहीत. नाव लिहिलेली पत्र्याची चकती बांधून त्या अंगणातल्या सावलीत वाळत टाकल्या, आणि पट्ट्या सोडण्याचं काम दुसऱ्या दिवशी ज्याने-त्याने स्वतः केलं. रबर सुटल्यावर आतून पांढरं निघतं तो क्षण या सगळ्या उपक्रमाचा गाभा आहे. त्यासाठी लोक रविवारी पुन्हा आले, आणि घरच्यांना घेऊन आले.

विणण्याचं टेबल

माग आणणं हे सगळ्यात अवघड काम. जुन्या घरांतला खड्डामाग जमिनीत रोवलेला असतो. तो उचलून आणता येत नाही. एक फ्रेम माग मिळाला. तो सुटा करून आणायचा, जोडायचा, जमीन समतल नसेल तर पायांखाली लाकडी पाचर द्यायची आणि मग ताणा, म्हणजे उभे धागे, ताणायचा; याला पूर्ण दिवस धरावा. इथे तो शुक्रवारी संध्याकाळी पोहोचला आणि शनिवारी सकाळचे तीन तास प्रेक्षकांसमोर नुसती ठोकाठोक झाली.

ताणा साधा होता: 30 सेंटिमीटर रुंद, सेंटिमीटरला सोळा, म्हणजे 480 तारा. नक्षी फक्त बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात. दहा सेंटिमीटर उंचीच्या नक्षीला 160 आडवे धागे लागतात. ते आठ-आठच्या वीस जुड्यांत, 31 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन खुंट्यांवर घेतले. जास्तीचा एक सेंटिमीटर विणताना धागा आखडतो त्यासाठी. प्रत्येक जुडीत बांधायची जागा कागदावरच्या आराखड्यातून मोजून घ्यायची. जुड्यांचा क्रम सुटला की नक्षी तुटते, म्हणून दर चार जुड्यांमागे एक रंगीत दोरा ओवून ठेवतात.

यात एक चूक फार शिकवणारी झाली. नक्षी म्हणून त्रिकोण निवडला होता. बाण्याचा धागा धोट्यातल्या कांडीवर भरताना शेवटी भरलेला धागा विणताना आधी सुटतो, हे भरणाऱ्याच्या लक्षात राहिलं नाही. त्रिकोण उलटा विणला गेला. अनुभवी विणकर हे गणित बोटांवर सांभाळतो. प्रात्यक्षिकात मात्र चौकट, म्हणजे शंकरपाळ्याचा आकार घ्यावा. तो वरून आणि खालून, डावीकडून आणि उजवीकडून सारखाच असल्यामुळे कांडी कशीही भरली तरी निभावतं. धोट्याने धागा फार ओढला तर नक्षीच्या कडा एका बाजूला सरकतात. त्यासाठी काठाशी बारीक फास ठेवून प्रत्येक धागा बोटाने जुळवतात. काठावर असे फास दिसणं हे हातकामाचं लक्षण आहे, दोष नाही.

बाजूला सोलापुरी चादरीचे जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उचलणाऱ्या यंत्राचे, भोकं पाडलेले पत्ते टांगले होते. चादरीची नक्षी धाग्यात नसून पत्त्यात असते: भोक असेल तिथे तारेचा आकडा (हूक) उचलला जातो, नसेल तिथे नाही. चादर दुहेरी विणीची असल्यामुळे एका बाजूची जमीन, म्हणजे नक्षीमागचा रंग, दुसऱ्या बाजूला नक्षी होते. जॅकार्ड फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास झाला खरा, पण नक्षीसाठी तारा निवडून उचलण्याची कल्पना त्याआधी कित्येक शतकं चीनच्या ओढमागांवर, म्हणजे दोऱ्या ओढून तारा उचलायच्या मागांवर, रुळलेली होती. यंत्रमागावरच्या कामगारांनी सगळ्यात जास्त प्रश्न या पत्त्यांसमोर विचारले.

छापील इकत

प्रदर्शनाला कपडे उसने मिळाले होते. त्यातला एक ‘इंडोनेशियाचा’ म्हणून मोठ्या अभिमानाने मधोमध टांगला. शनिवारी दुपारी एका वृद्ध विणकर बाईंनी त्याचा कोपरा उलटून पाहिला आणि शांतपणे सांगितलं, “इदि प्रिंट, अम्मा.” कापड छापील होतं.

तपासण्या तीन. पहिली, कापड उलटा: खऱ्या इकतमध्ये रंग दोन्ही बाजूंना सारखाच असतो, छापील कापडाची मागची बाजू फिकट. दुसरी, नक्षीची कड पाहा: खऱ्या कामात ती धाग्याच्या दिशेने पिसासारखी विस्कटलेली दिसते, छापील कड चारी दिशांनी एकसारखी. तिसरी आणि पक्की, काठातून एक धागा सोडवा: खरा धागा स्वतःच तुकड्या-तुकड्यांनी रंगलेला असतो, आरपार.

मंडळाने ते कापड लपवलं नाही. पाटी बदलली, कापड टेबलावर घेतलं, शेजारी पोचमपल्लीचा खरा तुकडा ठेवला आणि त्या आजींनाच तिथे बसायची विनंती केली. दोन दिवसांतली सगळ्यात जास्त गर्दी या टेबलापाशी झाली. बायका घरून साड्या आणून तपासून घेऊ लागल्या. हे टेबल आता कोणत्याही अशा कार्यक्रमात पहिल्यापासून ठेवावं. उसनं कापड स्वीकारतानाच, देणाऱ्यासमोर, या तीन तपासण्या कराव्यात आणि आहेत ते डाग, भोकं कागदावर टिपून सही घ्यावी.

बाकीची जुनी कापडं टांगण्याबाबत एवढंच: टाचण्या नाहीत, चिमटे नाहीत, वरच्या काठाला मांजरपाटाची नळी सैल टाक्यांनी जोडून त्यातून बांबू घालावा. पश्चिमेच्या खिडक्यांवर जाड पडदे हवेत. ऑक्टोबरचं सोलापूरचं ऊन नैसर्गिक रंग उडवायला पुरेसं आहे. परत देताना घडी न घालता नळीवर गुंडाळून द्यावं. हात लावायचे तुकडे वेगळ्या टेबलावर, पंधरा बाय पंधरा सेंटिमीटरचे. ते मळणारच, त्यासाठीच ते आहेत.

रविवारची संध्याकाळ: बतुकम्मा आणि हादगा

समारोपाला भाड्याचा नाच न ठेवता बतुकम्मा ठेवली, म्हणजे फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती बायांनी फेर धरायचा तेलंगणातला सण. ती इथल्या घरांत भाद्रपद अमावास्येपासून अष्टमीपर्यंत चालतेच. सायंकाळी पाचला सुरुवात केली, कारण विडी जमा करून, घरचं आवरून बाया त्याआधी मोकळ्या होत नाहीत.

दोन फूट उंचीची बतुकम्मा रचायला तीन जणींना दोन तास लागतात. परातीत भोपळ्याची पानं, त्यावर तरवडाच्या पिवळ्या फुलांचे थर, मग झेंडू, आणि कुर्डूचे शेंडे रंगात बुडवून केलेले रंगीत थर. माथ्यावर हळदीची गौरम्मा, म्हणजे गौरी. तेलुगूतलं ‘तंगेडु’ म्हणजे आपला माळावरचा तरवड आणि ‘गुनुगु’ म्हणजे कुर्डू. सोलापूरच्या आसपासच्या पडीक रानात दोन्ही भरपूर. फुलं पहाटे तोडून ओल्या फडक्यात ठेवावीत, देठं बोटभर सारखी कापावीत आणि मधल्या पोकळीत पानं ठासून भरावीत. ही पोकळी नीट भरली नाही की बतुकम्मा उचलताना एका बाजूला ढळते.

फेर धरताना सुरुवातीला स्पीकरवर रेकॉर्ड लावली होती. तिची चाल इतकी जलद, की पाच मिनिटांत वयस्क बाया बाहेर पडल्या आणि फक्त मुली उरल्या. मग रेकॉर्ड बंद केली. एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ‘उय्यालो’ म्हणून उचलायची, ही मूळ रीत परत आली आणि टाळ्यांची लय आजींच्या पायाला जुळली. शेजारच्या मराठी बायांनी त्याच फेराच्या बाजूला पाटावर हत्ती मांडून हादगा घेतला. दोन्हींत फेर, दोन्हींत एक सांगणारी आणि बाकी उचलणाऱ्या, दोन्ही एकाच ऋतूतले. कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. दुसऱ्या फेरीला दोन वर्तुळांतल्या बाया एकमेकींत मिसळल्या.

ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी आधी घेतली होती, पण शेवटी तो फक्त सूचनांपुरताच लागला. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. नऊला प्रसाद वाटून झाला: दहीभात, चिंचेचा भात, तिळाचा भात, पत्रावळीच्या द्रोणात.

विसर्जनाला एक अडचण आली. कुर्डूचे शेंडे बाजारच्या रंगात बुडवलेले होते. ते तलावात सोडणं योग्य नव्हतं. अंगणातच पिंपात विसर्जन केलं, फुलं दुसऱ्या दिवशी खतात गेली. कापडाच्या रंगाचं उरलेलं पाणी मात्र त्यात मिसळलं नाही. ते वेगळ्या पिंपात साठवून एका रंगकामाच्या कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेत दिलं. हे आधी विचारून ठेवावं लागतं, ऐनवेळी कोणी घेत नाही.

पुढच्या खेपेसाठी केलेल्या नोंदी

माग गुरुवारीच पोहोचावा. खुंट्यांची बाकडी बारा हवीत. सहा होती, ती कमी पडली आणि रांग अंगणापर्यंत गेली. रंगाची शेवटची खेप रविवारी सकाळी अकरानंतर लावू नये, कारण तिच्या लडी संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत आणि ओल्या लडीचं रबर सोडलं की पांढऱ्यावर रंग उतरतो. तेलुगूबरोबर कन्नड आणि उर्दू पाट्याही लागतील.

मागावर अजून वीतभर ताणा शिल्लक आहे. तो कापलेला नाही. माग ज्यांचा, त्या घरी शाळेतली आठ मुलं दर शनिवारी जाऊन त्यावर शंकरपाळ्याची चौथी ओळ विणतायत.